दीड बाराची मुंबई

"सहा बार!" आमच्या रिहे गावाहून पौड किती लांब, असं कुणी विचारलं की आमच्या शाळेचे शिपाईमामा एवढंच सांगत. किलोमीटर त्यांना मान्यच नव्हते. दाढेखाली तंबाखूचा बार धरायचा आणि चालू लागायचं. तो बेचव झाला की एक बार वाट सरली.

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हाच हिशोब ऐकवला. साहेब तंबाखू खात नसत. "मग तुमास्नी अंतर कसं कळतंय?" मामांनी विचारलं. तुम्ही हसाल, पण त्यांना खरोखरच साहेबांची काळजी वाटली होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मामांचा मुलगा मुंबईच्या विमानतळावर सामान चढवायला होता. त्याने खटपट करून आईबापांसाठी पुणे-मुंबई विमानाची दोन तिकिटं मिळवली. मामी म्हणाल्या, "म्हस व्यायला झालीया. तुमीच जावा."

मामा हिरमुसले. उभ्या संसारात दोघं मिळून कुठे म्हणून गेले नव्हते. "मग असं कर," ते म्हणाले, "इमान आपल्या डोक्यावरनंच जातंय. तू खळ्यात हुबी ऱ्हा आन् लुगडं हालीव. मी वरनं बघतो." एवढं तरी दोघांनी बरोबर करायचं, हा त्यांनी ध्यासच घेतला.

मग माझ्याकडे आले. "गुरुजी, इमान मुंबईला किती येळात जातंय?"

"अर्ध्या तासात."

"म्हंजी दीड बार? हितनं पौड सहा आन् मुंबई दीड? कायतरी घोळ हाय, गुरुजी." मग हळूच म्हणाले, "खिडकी उगडती का वो? थुकायला?"

उघडत नाही म्हटल्यावर तंबाखूची चंची कमरेला खोचून निघून गेले.

मुंबईहून परत आले ते थेट माझ्या खोलीवर. सवयीनं बार भरूनच विमानात चढले होते! थुंकायला जागा नाही, तोंड उघडायची सोय नाही. हवाईसुंदरी येऊन "काय हवं?" विचारी, हे गालाकडे बोट दाखवत, की ती लिमलेटची गोळी देई. शेवटी सगळा बार गिळला. मग काय, डोकं गरगरलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा मुंबई आली होती.

"गाव कवा गेलं, कळलंच न्हाई, गुरुजी. पर हिला सांगू नगा. बिचारी उन्हात हुबी ऱ्हायली असंल."

मी तसा शब्द दिला आणि त्यांच्यासोबत घरी गेलो. मामींनी दारातच विचारलं, "दिसले का वो मी?"

"दिसलीस की! पर लई बारीक दिसलीस गं. नीट खात जा."

इमानातून उतरून ही अशी बेइमानी! मला हसू आवरेना आणि मामांकडे बघवेना.

काही वर्षांनी मामा गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा मामी म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिवशी मी खळ्यात गेलेच न्हाई. म्हस नेमकी तवाच व्याली, मी गोठ्यात व्हते. पर हे इतके खुशीत व्हते, कसं सांगायचं?"

मामांना दिलेला शब्द मोडायचा मला धीर झाला नाही.

"आन् तवापास्नं," पदरानं डोळे पुसत मामी म्हणाल्या, "मी बारीक झाले म्हनून रोज शेजारी बसवून जेवू घातलं. त्याआदी मी कायम त्यांच्या मागनंच जेवायची."