सहावी ब चं अथेन्स

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये बेवारस डबे साठतात, तसे ते साठतात. कुणी ठेवले, कधी ठेवले, पत्ता नसतो. मग एक दिवस वास यायला लागतो आणि कुणाला तरी झाकण उघडावंच लागतं. या टर्मला ते काम माझ्याकडे आलंय, कारण त्यातले बहुतेक डबे माझेच आहेत.

मी शारजातल्या एका इंडियन शाळेत सोशल सायन्स शिकवते. राहायला अल नहदा, दुबईच्या बॉर्डरला इतकं चिकटून, की दुबईचा ट्रॅफिक जॅम बाल्कनीतून फुकट बघायला मिळतो. नवरा कौस्तुभ फुजैराला पोर्टवर. शुक्रवारी येतो, रविवारी जातो, आणि येताना आठवड्याची झोप घेऊन येतो. मुलगी रेवा, सहावीत. जागा फक्त ब तुकडीत होती, म्हणून नेमकी माझ्याच वर्गात.

वर्गात मला आई म्हणायचं की मॅम, हा प्रश्न रेवाने अगदी सोप्या पद्धतीने सोडवला. ती काहीच म्हणत नाही. मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. पुण्याहून इथे आल्यापासून शाळेत तिने तोंड उघडलेलं नाही. घरी बोलते, बेताचं, पण बोलते. शाळेचं गेट आलं की खलास!

काउन्सेलर मॅडमनी सांगून ठेवलं होतं, “टर्म संपेपर्यंत थांबू. तोवर वर्गात बोलली नाही, तर बाहेर असेसमेंटला पाठवावं लागेल.” फार गोड आवाजात सांगितलं. त्या आवाजाने मी जास्त घाबरले.

त्याच टर्मला सिलॅबसमध्ये प्राचीन ग्रीस होतं, आणि आमच्या सुपरवायझर शबाना मॅडमना हवं होतं एक्सपिरिएन्शियल लर्निंग. मी म्हटलं, ठीक आहे, माझा वर्ग टर्मभर अथेन्स. जिथे कुणीही उभं राहून बोलू शकतं असं गाव वर्गातच वसवलं, तर एक मुलगी बोलणार नाही का? एमए हिस्टरी केलेली बाई पोटच्या पोरीच्या बाबतीत किती भाबडी असू शकते, त्याचे हे किस्से.

*

पहिली अडचण गुलामांची आली.

मी फळ्यावर अथेन्सचा समाज काढला होता. नागरिक, बायका, बाहेरून येऊन राहिलेले लोक आणि सगळ्यात खाली गुलाम. शबाना मॅडम दारात उभ्या राहून वाचत होत्या.

“स्लेव्ह्ज काढून टाका.”

“मॅडम, पण ते होते.”

“होते तेव्हा होते. आता पेरेंट्स आहेत.”

“मग अथेन्समधली कामं कुणी केली म्हणून सांगू?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “सपोर्ट स्टाफ लिहा.”

अशा रीतीने आमच्या अथेन्समध्ये चांदीच्या खाणी सपोर्ट स्टाफने खणल्या. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला. “माझ्या मुलाला सपोर्ट स्टाफ का केलंत? त्याचे पप्पा मॅनेजर आहेत!”

*

बाहेरून येऊन राहिलेल्यांचा भाग शिकवायचं मला टेन्शन होतं. त्यांना म्हणायचे मेटिक. शहरात राहायचं, धंदा करायचा, कर भरायचा, वेळ आली तर लढायला जायचं. पण मत नाही, जमीन घेता येत नाही, आणि नावापुढे एका नागरिकाचं नाव लागलेलं हवं, जो त्यांची हमी घेईल. अकरा वर्षांच्या मुलांना हे कसं समजणार? मी आदल्या दिवशी बसून चार्ट केले, बाण काढले, एका व्यापाऱ्याची गोष्टसुद्धा रचली.

गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा झायानने हात वर केला. कोळिकोडचा पोरगा, जन्म इथलाच, वर्गातला सगळ्यात मोठा वकील.

“मॅम, दे हॅड स्पॉन्सर. लाइक अवर व्हिसा. राइट?”

“तसंच काहीसं.”

“दुबई मरीनात फ्लॅट घेऊ शकायचे?”

“नाही.”

“ओह. देन वी आर बेटर.” आणि मान हलवून म्हणाला, “ओके मॅम, अंडरस्टुड. नेक्स्ट.”

पूर्ण वर्गाने पान उलटलं. माझे बाण तसेच राहिले!

*

शेजारची सहावी अ ग्लिनिस मिसची. ग्लिनिस वसईची, स्टाफरूममध्ये माझ्याशी मराठीत भांडणारी एकमेव व्यक्ती. माझं अथेन्स बघून तिने आपल्या वर्गाचं स्पार्टा केलं.

“तुझ्याकडे सगळे बोलतात, माझ्याकडे सगळे गप्प. बघू कुणाचा निकाल चांगला लागतो!”

स्पार्टात म्हणे सगळे पुरुष एकत्र जेवायचे आणि एक काळा रस्सा प्यायचे, तो इतका वाईट की पाहुणे पळून जायचे. ग्लिनिसला तो रस्सा हवा होता. मी काळ्या वाटाण्याची आमटी करून दिली. स्पार्टन पोरांनी तीनतीनदा मागून घेतली. ग्लिनिस रिकामं पातेलं परत द्यायला आली ती चिडूनच. “तुझ्या आमटीने माझी शिस्त मोडली! आता त्यांना पाव पण पाहिजे.”

तिच्याकडे अजून एक नियम होता. स्पार्टन लोक कमी बोलत, म्हणून उत्तर एका शब्दात द्यायचं. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गात डोकावली, कोपऱ्यात डबा खात बसलेल्या रेवाकडे बघितलं, आणि म्हणाली, “अगं बाई, तुझी पोरगी चुकीच्या गावात वसलीय. माझ्याकडे पाठव. थेट राणी करते!”

मी हसले. स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यायले. मग पुन्हा हसले, कारण खरंच हसण्यासारखं होतं.

*

अथेन्समध्ये बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून देत. निवडणूक नाही, भाषण नाही, ज्याचं नाव निघेल तो. मी मॉनिटर तसाच ठरवला आणि पालकांच्या ग्रुपवर आकाश कोसळलं. एका बाबांनी लिहिलं, “माझ्या मुलाने मॉनिटरशिपची स्पीच तयार केली आहे, तिचं काय करायचं?” मी लिहिलं, “घरी ऐका.” मग घाबरून डिलीट केलं. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

पहिली चिठ्ठी निघाली आरनची. आरन म्हणजे ज्याची वही कायम बसमध्ये राहते. गादीवर बसल्या बसल्या त्याने कायदा मांडला, होमवर्क रद्द. हात वर झाले. प्रचंड बहुमत.

“आरन, हे तुझ्या अधिकारात नाही.”

“मॅम, मेजॉरिटी आहे. तुम्हीच सांगितलं.”

मीच सांगितलं होतं. पण मी हेही सांगितलं, की अथेन्समध्ये असा चुकीचा कायदा मांडणाऱ्यावर कुणीही खटला भरू शकायचं. झायान तिथल्या तिथे उठला आणि त्याने आरनवर खटला भरला. असा काही बोलला की होमवर्क परत आला! दुपारपर्यंत पूर्ण वर्गाने झायानशी बोलणं टाकलं.

“मॅम,” तो डोळे पुसत म्हणाला, “आय सेव्ह्ड द सिटी.”

“हो रे बाळा. शहरं असंच करतात.”

*

मुलींना अथेन्सच्या सभेत मत नव्हतं. हे मी पाठ्यपुस्तकापुरतंच ठेवलं होतं, आमच्या सभेत सगळे होते. पण आरनने शेवटी ते पान वाचलं. वाचायचं नेमकं तेवढंच पान!

“मॅम, अथेन्समध्ये तुम्ही इथे उभ्याच राहू शकला नसता.”

“बरोबर.”

“मग आम्ही इतके दिवस कुणाचं ऐकतोय?”

घरी कौस्तुभला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबून म्हणाला, “पोरगा हुशार आहे.” त्या रविवारी त्याचा डबा मी भरला नाही. तो फुजैरापर्यंत पेट्रोल पंपावरचं सँडविच खात गेला.

*

सभेचा अध्यक्ष रोज बदलायचा, तोही चिठ्ठीने. एक दिवस चिठ्ठी उघडली आणि नाव निघालं रेवाचं.

चिठ्ठी खिशात टाकावी का, दुसरी काढावी का, सगळं मनात येऊन गेलं. पण आरनने आधीच वाचलं होतं. रेवा उठली, पुढे आली, खुर्चीवर बसली. आता काहीतरी बोलेल. एक शब्द. “सायलेन्स” म्हटलं तरी चालेल.

तिने बोट दाखवलं. ज्याच्याकडे बोट, तो बोलला. बोट खाली, की गप्प. कुणी मध्ये बोललं तर ती फक्त बघायची. तिचं ते बघणं मला घरी ओळखीचं आहे, मीसुद्धा त्याला भिते. इतकी शांत सभा आमच्या अथेन्सने कधी पाहिली नव्हती.

शबाना मॅडम राउंडवर होत्या. दारात थबकल्या. “माशाल्ला! काय कंट्रोल आहे. व्हेरी स्ट्राँग लीडर.” मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “उद्या मॉर्निंग असेंब्लीत हिला दोन शब्द बोलायला लावा.”

*

मग हद्दपारी. आपल्याकडे कुणाच्या तरी माथी खापर फोडतात, तिथे खापरावरच नाव लिहायचे. जो शहराला फार जड झालाय, त्याचं नाव. सगळ्यात जास्त खापरं ज्याच्या नावाची, तो दहा वर्षं गावाबाहेर. पण त्यासाठी मुळात पुरेशी मतं पडावी लागत, नाहीतर सगळं रद्द.

शाळेत फुटकी कुंडी आणायला सेफ्टीवाल्यांची परवानगी नाही. म्हणून मी खाकऱ्याचे तुकडे आणि केचप नेलं. मुलांची नावं लिहायची नाहीत, फक्त सवयींची, असा नियम शबाना मॅडमनी घालून दिला होता. तरी मला आदल्या दिवसापासून धाकधूक. “गप्प बसणं” असं कुणी लिहिलं तर? पोरं काय, लिहितील. उत्तरादाखल काय बोलायचं ते मी आंघोळ करताना पाठ केलं.

मतदान झालं. मतं मोजायला मी ताट ओढलं, तर त्यात चुरा. नागरिकांनी मतं खाल्ली होती! पुरेशी मतंच उरली नाहीत, म्हणून आमच्या अथेन्समधून कुणीही हद्दपार झालं नाही. आणि रेवाने त्या दिवशी शाळेत तोंड उघडलं, पण खाकऱ्यासाठी.

*

टर्मचा शेवटचा तास. दुसऱ्या दिवशी काउन्सेलर मॅडमकडे आमची अपॉइंटमेंट होती, मी आणि रेवा. असेसमेंटचं काय ते तिथेच ठरणार होतं. मला शिकवायचं त्राण नव्हतं. पण एक प्रथा शिल्लक राहिली होती.

अथेन्समध्ये अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला लोकांसमोर उभं करायचे. काय केलंस, कसं केलंस, सांग. कुणाही नागरिकाला त्याच्यावर आरोप ठेवायची मुभा. आरोप सिद्ध झाला, तर शिक्षा आधी आरोप करणाऱ्याने सुचवायची, मग आरोपीने आपली सुचवायची, आणि लोक दोन्हींतली एक निवडणार.

“आता माझी मुदत संपली,” मी म्हटलं आणि फळ्यापाशी उभी राहिले. झायान न्यायाधीश. हातात डस्टर.

आरनचा आरोप, होमवर्क. सुटले. मागच्या बाकावरून आरोप, फुटबॉल जप्त केला. त्यात दोषी ठरले, फुटबॉल परत केला. वर्गाला चेव आला होता. मी घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात रेवाचा हात वर झाला.

झायान डस्टर धरून नुसता बघत राहिला. मीच घाईने म्हटलं, “झायान, तिला वॉशरूमला जायचं असेल. जा गं रेवा.”

“नो,” रेवा म्हणाली.

आरनच्या हातातून पेन पडलं.

“आय हॅव अ चार्ज.” आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

झायानने घसा खाकरला. “अगेन्स्ट मॅम?”

तिने मान डोलावली.

“व्हॉट चार्ज?”

“दॅट,” रेवा म्हणाली. “व्हॉट शी जस्ट डिड.”

झायानने माझ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे. “गिल्टी म्हणणाऱ्यांनी हात वर करा.” हात कुणाचे वर झाले नाहीत, हेच मला आठवत नाही. माझाही झाला असावा.

“पनिशमेंट?” त्याने रेवाला विचारलं.

घाई नव्हती तिला. मग म्हणाली, “टुमॉरो. काउन्सेलर मॅमकडे. आय गो इन. शी वेट्स आउटसाइड.”

झायानने डस्टर बाकावर आपटला. खडूचा धुरळा उडाला. “मॅम, तुमच्याकडून काय शिक्षा?”

“मान्य आहे,” मी म्हटलं. “फक्त तिला पाण्याची बाटली आत नेऊ दे. बोलताना तिचा घसा सुकतो.”

रेवाने झायानकडे बघितलं.

“सेकंड ऑफेन्स,” ती म्हणाली.