लिमलेटच्या गोळ्या

चालायला निघण्याआधी माझे एक जुने सहकारी मैदानाच्या कट्ट्यावर बसून बूट काढायचे, उलटे करायचे आणि दोनदा ठोकायचे. आत खडा नाही ना, हे बघायला. "इतके वर्षं भट्टीजवळ पाय सांभाळले, भाऊ. आता खड्यापायी काहून गमावू?" मधुमेहात पायाची जखम लवकर कळत नाही, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं.

कारखान्याच्या वसाहतीतल्या, रिसालीच्या त्या मैदानावर रोज सकाळी आम्ही सहा-सात जण जमायचो, सगळे पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. असे घोळके तुम्हीही पाहिले असतील. चालणं कमी, सल्ले जास्त. खरं चालणारे ते एकटेच. इन्सुलिन घेऊन, नाश्ता करून यायचे. शुगर उतरली की रिपोर्टचा कागद नातवाच्या प्रगतिपुस्तकासारखा सगळ्यांना दाखवायचे.

खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. "डॉक्टरनं सांगतलं हाय. चालता चालता शुगर पडली का लगेच तोंडात टाकाची."

आम्हाला हे पटेल तर शपथ. शुगरचा पेशंट आणि खिशात साखर! आम्ही रोज त्यांची झडती घ्यायला लागलो. एकदा तर मीच त्यांच्या खिशातून गोळ्या काढल्या आणि सगळ्यांना वाटून टाकल्या. ते हसले. "तुमी डॉक्टरपेक्षा मोठे झाले न जी."

त्याच सकाळी पाचव्या फेरीला त्यांचे पाय लटपटले. सदरा घामानं भिजला, बोलणं अडखळायला लागलं. मैदान झाडणारी बाई धावत आली आणि टपरीवरून मूठभर साखर घेऊन आली. आणि आम्ही, शिकलीसवरलेली माणसं, काय केलं? तिचा हात धरला. "शुगर है इनको, शक्कर मत दो!"

"मोर सास ला घलो शुगर हे. हटव तुमन," आपल्या सासूलाही शुगर आहे असं सुनावत तिनं आम्हाला बाजूला ढकललं आणि साखर त्यांच्या तोंडात घातली. थोड्या वेळानं ते उठून बसले. हे लिहितानाही माझं डोकं तापतं. तिला शाबासकी द्यायचंही आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

घरी सोडायला गेलो तेव्हा त्यांनी वहिनींना सांगितलं, "गोळ्या घरीच भुलून गेलो होतो." आमचं नाव काढलं नाही. पण त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. 'या वयात एवढं चालायला कोणी सांगितलं होतं?' असा निकाल आमच्या घोळक्यानं देऊन टाकला. सगळा दोष चालण्यावर ढकलून सगळे मोकळे झाले. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

दोन वर्षांनी ते हृदयविकारानं गेले. भेटायला गेलो तेव्हा राहवलं नाही. "वहिनी, त्या दिवशी गोळ्या मी काढून घेतल्या होत्या. चालण्यानं काहीच झालं नव्हतं. माझ्यामुळे त्यांचं चालणं बंद पडलं."

त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. कुंपणाच्या कडेकडेनं गवत घासून पायवाट पडली होती.

"चालणं कुठं बंद पडलं, भाऊजी? रोज सकाळी मी संग चालत होती त्यायच्या. झाडूवाल्या बाईनं मले त्याच दिवशी सगळं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मी फक्त त्यायले तुमच्यात पाठवणं बंद केलं."