सुकेळीचा चौथा दिवस

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, वसईजवळच्या नंदाखालमध्ये अवकाळी पाऊस पडला. पंचवीस मिनिटं पडला. एका वाडीत मांडवावर सोललेली राजेळी केळी वाळत घातली होती. वाळवणाचा तो तिसरा दिवस होता. सगळी केळी भिजली.

ती रविवारी सोलू नयेत, असं वाडीच्या मालकीणबाईंचं म्हणणं होतं. मी त्यांना सोलायला लावली.

त्यांचं नाव देत नाही. पेपरातल्या लेखातही त्यांनी देऊ दिलं नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या मला पेपरवाल्या म्हणायच्या.

मावशींच्या ओटीच्या कट्ट्यावर एका करवंटीत खडे मीठ उघडं ठेवलेलं असे. सकाळी आभाळाकडे बघण्याआधी त्या करवंटीत बोटं घालायच्या, चिमूट चोळायच्या आणि निकाल द्यायच्या. मीठ बोटांवरून कोरडं ओघळलं तर, "चला." चिकटलं तर, "मिठाला घाम आलाय. आज नाही." यावर अपील नव्हतं.

सुकेळी तुम्ही खाल्ली नसतील तर सांगतो. पिकलेली राजेळी सोलून सात दिवस उन्हात वाळवतात. मधाच्या रंगाची, मऊ, चिवट अशी ती होतात आणि केळीच्या सुक्या पानात त्यांच्या पुड्या बांधतात. यात साखर नाही, तेल नाही. ऊन, वारा आणि माणसाचा हात एवढंच लागतं. त्यातला हात मावशींच्या ताब्यात होता.

"पूर्वी दिवाळीनंतर मांडव घातला की मेपर्यंत वर बघायचं काम नव्हतं," त्या सांगायच्या. "आता डिसेंबरात छत्री आणि फेब्रुवारीत ढग. आभाळाला कामच उरलं नाही, तेव्हा आमच्याकडे येऊन बसतं."

मी विचारलं होतं, मग ताडपत्री का घालत नाही?

"तू पांघरूण घेऊन दुपारी उन्हात झोप. संध्याकाळी सांग कसं वाटलं ते." ताडपत्रीखाली वाफ धरते आणि केळी आंबतात, हे त्यांनी नंतर सावकाश समजावलं.

सूर्य कलला की त्या केळी गोळा करायच्या, सुक्या पानांत आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून घरात न्यायच्या. याला त्या झोपवणं म्हणायच्या. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा त्या ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू बोल, झोपलीत." मी खरंच आवाज खाली आणला. त्यानंतर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत होत्या, "आमचा पेपरवाला केळ्यांना घाबरतो."

त्या रविवारी मी सकाळी साडेआठला पोचलो. मावशींची सून घरीच होती. ती सातिवलीच्या एका पॅकिंग युनिटमध्ये कामाला होती आणि तिने आठवडाभराची रजा काढली होती, वर्षातली एकमेव मोठी रजा. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिने सुकेळीचं काम रविवारपुरतं, तुकड्या-तुकड्याने पाहिलं होतं. यंदा सासूबाई तिला पहिल्या दिवसापासून सातव्यापर्यंत सलग शिकवणार होत्या.

"सात दिवस ओळीने केल्याशिवाय हाताला कळत नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्यानंतर हिने करायचं. दुसरं कोण आहे? मुलगा केळं सोलतो ते खायला."

पाच घड पिकून तयार होते. मावशींनी करवंटीत बोटं घातली. मीठ बोटांना चिकटलं.

"आज नाही."

"मग मी रजा पुढे ढकलते, आई," सून म्हणाली. "सुपरवायझरला आत्ता फोन केला तर ऐकेल."

"कर. घड तीन दिवस थांबतील. बुधवारी सोलू."

मी फोन काढून दाखवला. पुढचे सातही दिवस त्यावर पिवळा सूर्य होता. "मावशी, बघा. आठवडाभर ऊन आहे."

"तुझ्या फोनला घाम येतो का रे?"

आम्ही तिघंही हसलो. विषय तिथे संपायला हरकत नव्हती. मग मी म्हणालो, "फोटोग्राफर उद्याच मोकळा आहे. रविवारच्या पुरवणीचं पान मंगळवारी दुपारी छपाईला जातं. बुधवारी सोललीत तर लेख या मोसमात येणार नाही."

यातली पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं मी संपादकांना न विचारता बोललो होतो. लेख एक आठवडा उशिरा आला असता तर कोणाचं काही अडलं नसतं.

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सुनेच्या हातात फोन होता, नंबर लावायचा राहिला होता.

"एवढ्या सकाळी आलास," मावशी म्हणाल्या. "रिकामा कसा पाठवू? चल गं, सोलू. पेपरात तुझेपण हात येतील."

सोलताना नख लागू द्यायचं नाही. शिरा वरून खाली काढायच्या. केळ्याला केळं टेकता कामा नये. सुनेचं एक केळं मोडलं तेव्हा मावशींनी ते माझ्या हातात दिलं. "घे. मोडलेली सगळी तुझी. पण त्यासाठी तिला हसवू नको." मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सोमवारी फोटोग्राफर आला. ऊन कडक होतं. मांडवापुढे चार हात, मागे निळं आभाळ, असा फोटो मिळाला. आम्ही निघताना मावशी म्हणाल्या, "छापून आलं की पहिली पुडी तुझी."

मंगळवारी दुपारी एक वाजता पुरवणीचं पान गेलं. तीनला पाऊस आला. सहा वाजता मी नुकसानीची बातमी करायला बसलो. आगाशी, निर्मळ, भुईगाव असे सहा फोन केले. आंब्याचा मोहोर, वाल, मोगरा, पालेभाजी यांची माहिती घेतली. नंदाखालला फोन केला नाही. आठवण झाली नव्हती असं नाही. पान गेलं होतं आणि त्यातल्या मांडवावर स्वच्छ ऊन होतं.

बुधवारपासून पुढचे दहा दिवस कोरडे गेले. हे मी नंतर तपासलं.

रविवारी लेख आला. त्यात तथ्याची एकही चूक नव्हती. चांगला फोटो म्हणून बैठकीत कौतुक झालं. काही वाचकांनी सुकेळी कुठे मिळतील विचारलं, त्यांना मी वाडीचा रस्ता सांगितला.

गुरुवारी वसईतल्या ऑफिसात पुडी आली. सुनेच्या ओळखीच्या कोणीतरी आणून दिली होती. आत नऊ सुकेळी होती. आम्ही टेबलाभोवती उभं राहून खाल्ली. एक सहकारी म्हणाला, "चव वेगळी आहे. जरा धुरकट." मी म्हणालो, घरगुती अशीच असतात. मावशींना फोन केला.

"फर्स्ट क्लास झालीत, मावशी."

"गोड लागली ना? मग झालं."

एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या एका कामासाठी नंदाखालला गेलो आणि वाडीत डोकावलो. मांडव रिकामा होता. मावशी झोपल्या होत्या. सुनेने पाणी दिलं आणि मी काही विचारण्याआधीच काय झालं ते सांगितलं. पाऊस आला तेव्हा दोघींनी जमेल तेवढी केळी आत नेली, पण ती आधीच भिजली होती. सकाळपर्यंत वास सुटला. बरीचशी खड्ड्यात टाकली. त्यातल्या त्यात बरी निघालेली थोडी मावशींनी मागच्या चुलीवर, दोन दिवस धगीला बसून वाळवली.

"तुम्हाला कबूल केलं होतं म्हणून," सून म्हणाली. "नऊच धड निघाली."

रजा संपली तेव्हा तिच्यापुढे वाळवायला काही नव्हतं. लेख वाचून चार माणसं आली, त्यांना तिने चहा देऊन परत पाठवलं.

तेवढ्यात मावशी उठून ओटीवर आल्या. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"पाऊस तू पाडलास का?"

"सोलायला मी लावलं."

"मीठ माझं, हात माझे. तू कोण लावणारा?" त्यांनी सुनेकडे वळून म्हटलं, "याला एक पुडी काय दिली, हा स्वतःला वाडीचा मालक समजायला लागला." मग खाली बसल्या. "पुढच्या वर्षी शिकवीन हिला. रजा मिळेल ना गं?"

"मिळेल, आई."

मी तिसऱ्या वाक्याबद्दल, संपादकांना न विचारल्याबद्दल, तेव्हा बोललो नाही. पुढच्या खेपेला सांगू असं ठरवलं. मेमध्ये निवडणुकीची कामं होती, जूनमध्ये पाणी तुंबल्याच्या बातम्या.

श्रावणात मावशी वारल्या. चार दिवस ताप होता. मला बाराव्यानंतर कळलं.

या फेब्रुवारीत, एका मंगळवारी संध्याकाळी, सुनेचा फोन आला. तिने रजा घेऊन एकच घड सोलला होता. मीठ कोरडं होतं, ते तिने तीन दिवस रोज पाहिलं होतं. केळी आत्ताच झोपवली, म्हणाली.

"उद्या चौथा दिवस. तिसऱ्यापर्यंतचं मला येतं. चौथ्या दिवशी आई एकेक केळं अंगठ्याने दाबायच्या. काही सावलीत घ्यायच्या, काही उन्हातच ठेवायच्या. कुठली घ्यायची ते मी कधी विचारलं नाही. शेजारी विचारलं, तर म्हणाले, तुमच्या सासूबाईंची रीत वेगळी. तुम्ही सगळं लिहून घेतलं होतं ना? पेपर इथे सापडत नाही."

मी लेख काढला. चौथ्या ते सातव्या दिवसाबद्दल त्यात एक वाक्य आहे: "यानंतर आणखी चार दिवस वाळवून सुकेळी पुड्यांत बांधली जातात." ते मी तिला वाचून दाखवलं.

"आणि वहीत?" तिने विचारलं.

वही काढली. शेवटची नोंद सोमवारची आहे: "दुसरा दिवस. केळी उलटली. सूर्यास्ताआधी गुंडाळली. पुढचं फोनवर विचारणे."