ताट पुढे सरकवणारे मुकादमकाका

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत शमुवेल मुकादमांपाशी आलं की ते दोन्ही हातांनी धरायचे आणि तुकडा न उचलता शेजारच्याकडे द्यायचे. द्राक्षरसाच्या पेल्यांचंही तेच. तीन वर्षं हे चाललं. शेजारचा म्हणजे मी. मी मात्र मनोभावे खात-पीत असे.

काका शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात हमालांचे मुकादम होते. हाताचे पंजे फावड्याएवढे. तरुणपणी त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरचे पुढचे चार दात पाडले होते. पुढे प्रभूच्या विश्वासात आल्यावर त्याच ड्रायव्हरला शोधत पार अमरावती गाठली आणि त्याला कवळी बसवून दिली. "प्रार्थना करून दात उगवत नाहीत गा," ते म्हणत. "ज्याचे पाडले त्याच्या घरी जावं लागते."

काकांनी ताट पुढे सरकवायला सुरुवात केली ती एका सभेनंतर; आता तिचं सांगायला हवं. चर्चच्या आवारात रस्त्याकडेला दुकानगाळे काढायचे की नाही, यावरून आमच्यात दोन तट पडले होते. प्रार्थनेनं सुरू झालेली वार्षिक सभा तासाभरात लोखंडी खुर्च्यांवर आली. ज्या हातांनी गीतांची पुस्तकं धरायची त्याच हातांनी आम्ही एकमेकांच्या कॉलरी धरल्या. खजिनदारांच्या नाकातून रक्ताची धार लागली. गायनमंडळातल्या एकानं पेटीमास्तरांच्या दंडाचा चावा घेतला. बायका किंचाळत मुलांना बाहेर ओढत होत्या. मुकादमकाका मध्ये शिरून माणसं वेगळी करत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांच्या कानावर घडीची खुर्ची हाणली. गोदामातलं पोतं पडावं तसे ते पडले.

तो कोणीतरी मीच.

गर्दीत चुकून लागली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. पण दहाच मिनिटांपूर्वी मी भाषणाला उभा राहिलो होतो आणि काका म्हणाले होते, "बस खाली, सुधीर. घरी तुही बायको बोलू देत नाही म्हणून इथं बोलून राहिला का?" सगळे हसले. बायकोही हसली. त्यानंतर मला गर्दीत फक्त तो कान दिसत होता.

रक्त पाहिल्यावर मात्र मी खुर्ची टाकली. मीच त्यांना ऑटोत घालून रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. अकरा टाके पडले, डावा कान कायमचा गेला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नाव घेऊन माझं कौतुक केलं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

तेव्हापासून काका मला आपल्या उजव्या, चांगल्या कानाकडे बसवून घेत. एकदा मी विचारलंच, "काका, तुम्ही भाकर का नाही घेत?"

"कशी घेऊ गा? मनात राग ठेवून ती घेत नसतात. ज्यानं मारलं तो याच छताखाली बसून राहिला. सापडला तर त्याचा हात खांद्यातून उपटीन, असं मले रोज वाटते. नाव समजलं तर माफ तरी करून पाहीन. बिननावाची माफी कोणाले देऊ?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुह्यासारखी माणसं आहेत म्हणून मी येतो तरी."

त्या रविवारीही मी पेला घेतला. तळापर्यंत.

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. आधीचा रविवार प्रभुभोजनाचा. बाकावर बसता बसता काका म्हणाले, "आज घ्यावं वाटून राहिलं. पण आत रागाचा गोटा आहे तसाच आहे. प्रभूपुढं खोटं कसं वागू?"

पाळकसाहेबांनी आत्मपरीक्षणासाठी एक मिनिट शांत बसायला सांगितलं. एरवी त्या मिनिटात मी दुपारचं मटण कोणाकडून आणायचं ते ठरवतो. त्या दिवशी वाकून उजव्या कानात म्हणालो, "काका, ती खुर्ची मी मारली होती. चुकून नाही. रागानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो पंजा आला. चष्मा उडून तीन बाक पलीकडे गेला, ओठ फुटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं. सगळ्या चर्चनं डोळे उघडले. थोड्या वेळानं ताट आलं. काकांनी ते न घेता माझ्याकडे दिलं. मीही, पहिल्यांदाच, पुढे सरकवलं.

बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी माझी कॉलर धरली. "तीन वर्षं? तीन वर्षं माह्या बाजूले बसून खात राहिला?" दुसरी लगावली. मग एकदम पायरीवर बसले आणि छाती चोळत आपल्या पंजांकडे बघत राहिले. म्हणाले, "जा. माफ केलं. आता तू मले माफ कर. दोन झापडांसाठी."

"काका, त्या तर माझ्या हक्काच्या..."

"ते नाही विचारून राहिलो मी. केलं का माफ?"

"केलं."

आत भाकर संपली होती. पाळकीणबाई पेले विसळत होत्या. मी म्हणालो, "पाळकसाहेबांना विचारू का? तुमच्यापुरती?"

"राहू दे. आता घेता येते मले. तेवढं पुरे."

मंगळवारी ऑपरेशन झालं. गुरुवारी काका गेले.

त्या झापडीचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कब्रस्तानात लोक कुजबुजत होते, "शेवटी शेवटी डोकं फिरलं बिचाऱ्याचं. ज्यानं वाचवलं त्यालेच मारलं." त्यांचा थोरला मुलगा डॅनियल, बापाचेच पंजे घेऊन जन्मलेला, माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "भाऊ, बाबांच्या वतीनं मी माफी मागतो. दोन शब्द तुम्हीच बोला."

मी कबरीपाशी गेलो. एक चांगली लांबलचक प्रार्थना तयार होती. पण मला त्या ड्रायव्हरचे दात आठवले.

"ती खुर्ची माझी होती," मी म्हणालो. कोणाला काही समजलं नाही. मग सभेपासून कडुनिंबापर्यंत सगळं सांगितलं, कौतुकासकट.

डॅनियलनं हातातलं फावडं मातीवर ठेवलं आणि कबरीला वळसा घालून तो माझ्याकडे येऊ लागला. मी नवा चष्मा काढून खिशात ठेवला.