तापीवरून उडणाऱ्या शमीमआपा

"शमीम गुजर गई, वंदनाबेन." शमीमआपांच्या नवऱ्याचा, रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी सारंगखेड्याला, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होते. फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही. त्यांच्यामागे घरातल्या बायकांचे आवाज येत होते. दुपारच्या बसने नंदुरबारला पोचले तेव्हा आपांचा जनाजा अंगणातून उचलण्याची तयारी चालली होती. आज काही आठवडे लोटल्यावर, जरा स्थिर मनाने, त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

नंदुरबारच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत असे, तिथे शमीमआपा विज्ञान शिकवत. माझ्याहून वयाने मोठ्या. घराण्याचा धंदा गाद्या-रजयांचा, आणि नवरा रफिकभाईही त्याच धंद्यातले. दोघी आमनेसामने बसून डबे खायचो आणि शाळेत अहिराणी बोलू नये हा नियम दोघीच मिळून मोडायचो. आपांना वस्तू उघडून बघण्याची जबरदस्त हौस. स्टाफरूमचा पंखा, प्रयोगशाळेतला मोटार-जनित्राचा संच, कोणाचा तरी बंद पडलेला मिक्सर... उघडल्यावर मात्र त्या पुन्हा जोडून, चालवून दाखवत. अर्धवट सोडलेली वस्तू त्यांच्या टेबलावर मी कधी पाहिली नाही.

आपा निवृत्त झाल्यावर दोघे नवराबायको हजला जाऊन आले. विमानात आपांना खिडकी मिळाली आणि तिथून सगळं सुरू झालं. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या त्यांनी जाता-येता टक लावून पाहिल्या. परत आल्यावर लोकांना खजूर आणि झमझमचं पाणी देता देता त्या पट्ट्यांचंच सांगत होत्या. बाहेरगावी असलेल्या लेकाने घरी ठेवलेल्या संगणकावर त्यांनी विमान चालवण्याचा खेळ टाकून घेतला. खेळ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. खरं विमान जसं वागतं तसंच ते वागतं, असं त्या म्हणत. पण कीबोर्डवर ते चालवताना त्या वैतागत.

"वंदना, हाई बटन हो म्हनस नहीतर नही म्हनस. थोडंसं वळनं व्हई ते काय करानं?"

त्या 'थोडंसं'साठी आपांनी मागच्या खोलीत विमानाची बैठकच उभी केली. जुन्या खुर्चीवर रफिकभाईंनी नवी गादी शिवून दिली. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा पायटा मधोमध कापून दोन पेडल झाले. दुकानातलं एक मशीन त्यामुळे कायमचं बसलं आणि रफिकभाई बरेच दिवस धुसफुसत होते. सायकलच्या पाइपची दांडी पुढेमागे आणि डावीउजवीकडे फिरेल अशी बसवली. आता दांडी किती कललीय, हे संगणकाला कळणार कसं? त्यासाठी आपांनी जुन्या रेडिओतली आवाज कमीजास्त करायची फिरकी काढली. तिच्या आत कोळशाचा पातळ पट्टा असतो आणि त्यावरून एक टोक सरकतं. ते जिथे थांबतं त्याप्रमाणे मधल्या तारेतला विजेचा दाब बदलतो. त्या दाबाचा आकडा करून संगणकाकडे पाठवणारी बोटाएवढी पट्टी लेकाने कुरिअरने पाठवली. कथलाचा डाग देऊन तारा जोडताना त्या धरायचं काम माझं. आधी आम्ही उलट्या तारा जोडल्या आणि दांडी डावीकडे नेली की विमान उजवीकडे कलायचं. आपा मनापासून हसल्या, दोन टोकांच्या तारांची अदलाबदल केली, आणि विमान शहाण्यासारखं वागू लागलं.

त्यांचा ठरलेला प्रवास म्हणजे सुरतेहून उडायचं आणि तापीच्या अंगाने वर यायचं. उकाई धरणाचं पाणी मागे पडलं की त्या मला जवळ बोलावत. खाली नदीवरचा सारंगखेड्याचा पूल दिसला की म्हणत, "हाई देख तुन्हं गाव." तिथे माझं घर दिसायचं नाही, नुसते हिरवे-करडे तुकडे दिसायचे. तरी मी दर वेळी वाकून बघायचे.

मग एके दिवशी विमान हवेत बारीक हादरू लागलं. पडद्यावर दांडीची स्थिती दाखवणारी एक रेघ असते, ती सरळ न राहता करवतीसारखी दिसायला लागली. आपांनी लगेच ओळखलं. रेडिओ जुना झाला की आवाज वाढवताना खरखर होते, तसा इथेही कोळशाचा पट्टा झिजला असणार. त्यांनी नवीन फिरकी बसवली. रेघ तशीच. मग मात्र त्यांनी झिजणारी वस्तूच काढून टाकायचं ठरवलं. दांडीच्या खिळीला छोटा लोहचुंबक चिकटवला आणि समोर, थोडं अंतर ठेवून, चुंबक किती फिरला हे ओळखणारा सेन्सर बसवला. एकाचा दुसऱ्याला स्पर्शच नाही, म्हणजे घासण्याचा प्रश्न नाही. हे सगळं जमवायला फार खटपट झाली. जमलं तेव्हा आपांनी दांडीवर हात टेकवला, आणि पडद्यावर पुन्हा करवत.

त्यांनी हात काढला, रेघ सरळ. मला हात ठेवायला लावला, रेघ सरळ. त्यांनी ठेवला, करवत. मग मूठ घट्ट आवळली तर करवत जवळजवळ थांबली. सैल सोडली की पुन्हा सुरू.

"सेन्सर खराब नही," आपा म्हणाल्या. "हाई थरथर मन्हा हातनी शे."

मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले. थकवा असेल, चहा कमी करा, असलं काही. त्यांनी मला थांबवलं. नुसत्या डोळ्यांना हाताची थरथर अजून दिसत नव्हती, आणि ती दिसेपर्यंत वाट बघणं त्यांना मंजूर नव्हतं. सुरतेच्या डॉक्टरांना त्यांनी हात टेकवल्यावर काय होतं आणि मूठ आवळल्यावर काय होतं ते नीट सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे तपासलं आणि कंपवाताची सुरुवात असल्याचं सांगितलं. लवकर आलात, गोळ्यांचा उपयोग होईल, असंही म्हणाले. परतीच्या गाडीत रफिकभाई खिडकीबाहेर बघत होते. खांडबारा स्टेशन मागे पडलं तेव्हा त्यांनी आपांचा हात हातात घेतला, आणि नंदुरबार येईपर्यंत सोडला नाही. मी समोरच बसले होते. त्या दोघांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता मागची खोली बंद होणार. आपांनी दुसऱ्याच आठवड्यात दांडीला जाड स्प्रिंगा लावल्या, म्हणजे ती मूठ आवळूनच हलवावी लागेल, आणि लेकाकडून संगणकात एक बदल करवून घेतला. सेन्सरकडून येणाऱ्या एकामागून एक आकड्यांची सरासरी काढायची आणि तीच विमानाला द्यायची. थरथर इकडेतिकडे होऊन आपोआप वजा होते आणि हाताला खरोखर जे म्हणायचं आहे तेवढंच पुढे जातं. विमान किंचित उशिरा वळायचं. आपांनी तो उशीर धरूनच वळायला शिकून घेतलं. आजार वाढत गेला तसे सरासरीत घ्यायचे आकडे वाढत गेले आणि तो उशीरही. अशी कितीतरी वर्षं त्या उडल्या आणि बहुतेक वेळा धावपट्टीच्या मधोमध उतरल्या.

शेवटच्या हिवाळ्यात हात चालेना, पण पाय बरे होते. त्यांनी मला शेजारी स्टूल घ्यायला लावलं. "पाय मन्हा, हात तुन्हा. चाल." आडवा वारा होता. मी दांडी धरली, त्या पेडल दाबत होत्या आणि हळू आवाजात सांगत होत्या, थोडं वर, आता राहू दे, राहू दे. चाकं टेकली तेव्हा आपा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "शिकनी तू." शाळेत इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण त्यांच्याकडून मिळालेली ही माझी पहिली शाबासकी.

परवा रफिकभाईंकडे गेले. तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजानंतर ते मागच्या खोलीत जातात, धूळ पुसतात. त्या दिवशी त्यांनी संगणक सुरू करायला सांगितला आणि स्वतः शिवलेल्या गादीवर पहिल्यांदाच बसले. मी विमान हवेत आणून दिलं. त्यांनी दांडी बिचकत डावीकडे नेली. काहीच झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग विमान सावकाश कललं.

मी म्हटलं, "ती सरासरी आता काढून टाकते, म्हणजे लगेच वळेल."

"नको," ते म्हणाले. त्यांचा हात दांडीवरच होता. "शमीम के हाथ का है. वैसाच रहने दो."

मी हात मागे घेतला. त्यांनी दांडी पुन्हा जराशी हलवली, आणि विमान वळेपर्यंत दोघे थांबून राहिलो.