उजवा मुंढा अर्धा इंच सैल

"उजवा मुंढा अर्धा इंच सैल ठेवा हं," असं म्हणत मॅडम हात डोळ्यांसमोर आडवा फिरवून दाखवायच्या. दोन बोटं जुळलेली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिल्यांदा मला वाटलं, बाई हवेतच काच पुसतायत.

अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मॅडम वरच्या मजल्यावर बसायच्या. साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इंदूरला आलेल्या. मनाच्या डॉक्टर. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. तुमचं कुणाचं दुकान असेल तर ठाऊक असेल, गिऱ्हाइकापेक्षा त्याचा कपडा जास्त बोलतो. मॅडमचा प्रत्येक कुर्ता उजव्या मुंढ्यात, अगदी काखेत उसवायचा. डावी बाजू अगदी नवीकोरी.

"मॅडम, एका हाताने दळण दळता की काय?" मी एकदा विचारलंच.

"माझ्याकडे येणाऱ्याने मनात आपला वाईट प्रसंग धरायचा आणि माझ्या बोटांमागे नजर न्यायची. डावीकडे, उजवीकडे."

"और इससे क्या होता है?"

"तो प्रसंग हळूहळू जुना होतो."

अपने को काही पटलं नाही. अरे भिया, हात हलवून दुःख जात असतं तर राजवाड्यावरच्या ट्रॅफिक पोलिसाने अख्खं इंदूर सुखी केलं असतं!

वरची चावी माझ्याकडे असायची. सकाळी झाडूवालीसाठी दार उघडलं की दोन खुर्च्या कायम तिरक्या दिसायच्या, एकीचं तोंड दाराकडे, एकीचं खिडकीकडे, भांडलेल्या जावांसारख्या. मी रोज नीट समोरासमोर लावून यायचे. मॅडम रोज परत तिरक्या करायच्या. महिनाभर हे चाललं, पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

आता माझं सांगते. माझी चिनू चार वर्षांची होती. दुकानात खेळत होती. मी एका बाईचं माप घेत पाठमोरी उभी होते. चिनूने इस्त्रीची वायर ओढली. इस्त्री तिच्या हातावर पडली, कोपरापासून मनगटापर्यंत. हात बरा झाला, डाग राहिला. मी मात्र तिथेच पाठमोरी उभी राहिले. त्यानंतर दुकानात इस्त्री ठेवली नाही, कपडे प्रेसवाल्याकडे धाडते. आणि चिनूचा एकही फ्रॉक मी अर्ध्या बाहीचा शिवला नाही. इंदूरच्या मे महिन्यातही नाही.

चिनू दहा वर्षांची झाली. शाळेच्या फंक्शनला डान्स होता. बाराही मुलींचे ड्रेस माझ्याकडेच आले. अकरा अर्ध्या बाह्यांचे शिवले, एक पूर्ण बाहीचा. चिनूने तो घातला, आरशात पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, मला हात लपवायचा नाहीये. तुला बघायचा नाहीये."

खरं सांगते, थोबाडीत बसल्यासारखं झालं. पोर खरं बोलत होती. सहा वर्षांत मी तिचा तो हात कधी नीट पाहिला नव्हता. तेलसुद्धा अंधारात चाचपडल्यासारखं लावायचे. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वर गेले.

"मॅडम, ते बोटांचं माझ्यावर करा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "करू. पण एक अट. आपलं काम चालू आहे तोवर माझे कपडे तुमच्याकडे येणार नाहीत."

"का बरं? माझ्या शिलाईत खोट आहे?"

"शिलाई उत्तम आहे. पण तुम्ही माझं माप घेणार आणि मी तुमचं, हे एकदम नको."

मला राग आला. पक्कं गिऱ्हाईक गेलं! बरं, त्या दुसरीकडेही शिवत नव्हत्या.

पहिले काही दिवस बोटं नाहीतच. नुसतं बोलणं. मग छातीवर हातांची फुली करून आपल्याच दंडांवर आळीपाळीने हलके थोपटायचं शिकवलं. "हे तुमचं फुलपाखरू. मन घाबरलं की काढायचं." मी मनात म्हटलं, चाळीस वर्षांची घोडी, आता फुलपाखरू!

खरं काम सुरू झालं तेव्हा खुर्च्यांचंही कळलं. तिरकं बसलं की त्यांचा हात माझ्या डोळ्यांपुढून जायचा, पण त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बसायच्या नाहीत. बोटांमागे नजर नेऊन मला गरगरायला लागलं, तर त्यांनी बोटं सोडली आणि माझ्या गुडघ्यांवर थोपटू लागल्या. टप, टप. डावा, उजवा. थांबल्या की एकच विचारायच्या, "आता काय आलं?" मी काहीही सांगितलं तरी उत्तर ठरलेलं, "त्याच्याच बरोबर जा."

एकदा थांबल्या. "आता काय आलं?"

"मॅडम, तुमची उसवलेली काख."

खरंच हो! शिवण चार बोटं उसवली होती, आणि मला सुई-दोऱ्याशिवाय बसवेना. त्या जराही हसल्या नाहीत. "त्याच्याच बरोबर जा."

गेले. उसवलेल्या काखेतून चिनूचा फाटलेला फ्रॉक आला. फ्रॉक मीच फाडला होता, बाही हाताला चिकटू नये म्हणून. आणि मग नळ आला. मी तिला उचलून नळाखाली धरलं होतं. माझा हात तिच्या हाताखाली होता. पाणी किती वेळ वाहत होतं. मग अनवाणी डॉक्टरकडे पळाले होते. सहा वर्षं मला फक्त इस्त्री पडताना दिसत होती. नळ दिसलाच नव्हता! मी रडले, अगदी हमसून. मॅडमनी पाणी दिलं.

जादू वगैरे नाही. आणखी पाच-सहा वेळा वर जावं लागलं. तो दिवस आजही आठवतो. पण आता तो माझ्या पाठीमागे घडत नसतो, घडून गेलेला असतो.

एका दुपारी मॅडम स्वतः दुकानात आल्या आणि काउंटरवर चार कुर्ते टाकले. चारही उजव्या काखेत उसवलेले.

"आता शिवा," एवढंच म्हणाल्या.

मला कळलं, आमचं वरचं काम संपलं होतं. मी टेप गळ्यात घातली आणि सुईत दोरा ओवला.

यंदा त्यांच्या यजमानांची बदली झाली. जाताना सहा कुर्ते शिवून नेले, सगळे उजवीकडून अर्धा इंच सैल. वर आता कोचिंग क्लास आहे, खुर्च्या रांगेत. कधी चावी द्यायला गेले की ती सरळ रांग डोळ्यांना खटकते.

गेल्या महिन्यात पुन्हा शाळेचं फंक्शन होतं. ड्रेस मीच शिवले, या वेळी बाराही अर्ध्या बाह्यांचे. निघायच्या आधी चिनू दुकानात उभी राहिली, तोंड एवढंसं झालेलं. मी शिकवलेली फुली तिने छातीवर केली आणि डोळे मिटून थोपटू लागली. डावा, उजवा.

"आता काय आलं?" मी विचारलं.

"पोटात गोळा."

"त्याच्याच बरोबर जा."

ती थोपटत राहिली. समोरच्या उन्हात तिच्या हातावरचा डाग मनगटापासून कोपरापर्यंत स्पष्ट दिसत होता. मी दोन्ही हात पाहत होते.