वन्संचा न धुतलेला कप

शुक्रवार, ९ मार्च. सकाळपासून कडक ऊन. चादरी धुतल्या, दुपारपर्यंत वाळल्या. वन्संनी कप आजही धुतला नाही, पाणी घालून ओट्यावर ठेवून गेल्या. कपाच्या आत, काठापासून बुडापर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. खिडकीपाशी धरून नीट पाहिल्या. कोणाला सांगितलं नाही.

शेवटचं वाक्य लिहिलं आणि वहिनींनी पेनाला टोपण लावलं. छातीत धडधडत होतं, पण ती धडधड भीतीची नव्हती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढं बरं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

घरात, शेडमध्ये, दुकानात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. ख्रिस्ती नन्सनी चालवलेल्या शाळेत शिकलेल्या. तिथे अकराव्या वर्षापासून रोजची डायरी लिहावी लागे आणि दर शनिवारी ती तपासली जाई. तपासणाऱ्या बाईंचं एकच सांगणं असे, "खोटं लिहायचं असेल तर पान कोरं सोडा." वहिनींनी आजवर एकही पान कोरं सोडलं नव्हतं.

अंगणापलीकडच्या शेडमध्ये नवऱ्याचा कपबशांचा कारखाना होता, आणि कारखान्यात नवऱ्याची धाकटी बहीण, वन्सं. रसायनशास्त्र शिकलेली, लग्न न केलेली, दारातून वाकून आत येईल इतकी उंच. एवढ्या उंच बाईला भाऊ अजून 'चिमणे' म्हणायचा. लग्न होऊन आल्यावर वहिनींना वाटलं होतं, घर आपलं, कारखाना त्यांचा, त्यात काय एवढं. पण जेवायला बसलं की कारखाना ताटापाशी येऊन बसे.

"चिमणे, दोनशे बारा नंबरला गारगोटी किती घातली होतीस?"

"दोन भाग जास्त. दादा, खरं सांगू? यावेळी बसलंय."

"भाजी वाढू का?" वहिनी विचारत.

"हं," दोघं एकदम म्हणत, आणि कोणीच ताट पुढे करत नसे.

तीन वर्षं हाच विषय चालला होता. कपावर काचेसारखा जो पारदर्शक थर चढवतात, ते ग्लेझ. भट्टीतून निघाल्यावर गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसलं, की तंग झालेल्या झग्यासारखं उसवतं आणि कपावर केसासारख्या चिरांची जाळी पडते. अंगावर चित्र असलं तर त्या चिरा लपतात. पारदर्शक ग्लेझमध्ये लपायला जागा नाही. वन्सं प्रत्येक नवा नमुना उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात बुडवायच्या, असं दहा वेळा, आणि मग शाई चोळून भिंगातून बघायच्या. दोनशे तेरावा नमुना टिकला. त्या दिवशी नवऱ्याने शेडमधून बहिणीला अक्षरशः हात धरून घरात आणलं आणि म्हणाला, "अगं, हिने केलं!" त्या आवाजात तो वहिनींशी कधी बोलला होता? वहिनींनी त्या रात्रीच्या पानावर तारखेखाली लिहिलं होतं, 'हे फार खूश. दूध नासलं.'

त्या भट्टीतले सहा कप घरात वापरायला आले. एका मोठ्या इस्पितळाची बाराशे कपांची मागणी आली. आणि आता हा एक कप फाटला होता. तोही नेमका वन्संचा.

शनिवारी सांगू, असं वहिनींनी ठरवलं. शनिवार गेला. सोमवारी नवरा जेवताना म्हणाला, "इस्पितळाच्या प्रत्येक कपाखाली एक छोटी चिमणी छापायची. हिच्या नावाची खूण."

"काहीतरीच काय, दादा!" वन्सं लाजल्या. बेचाळीस वर्षांच्या बाईने असं लाजावं?

वहिनींनी ताट पुढे सारलं. एकोणीस वर्षं या घरात चहा त्यांनी केला होता आणि कपाखाली नाव येणार होतं दुसरीचं. त्या दिवसापासून त्यांनी तो कप फडताळात मागे, बरणीआड ठेवला. वन्संना दुसरा दिला. त्या शोधायलाही आल्या नाहीत. कप कोणता, याच्याशी त्यांना काय देणंघेणं! प्यायचा, पाणी घालायचं, चालू लागायचं.

मंगळवारी, वीस तारखेला, इस्पितळाच्या मेट्रनबाई कप बघायला येणार होत्या. गुरुवारपासून माल खोक्यात भरायचा होता. वहिनींनी चार कपांत चहा ओतला. बरणीआडचा कप त्यांनी ट्रेच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला, मेट्रनबाई बसणार होत्या त्या बाजूला. कडक, काळपट चहा. एकेक रेष दिसेल असा. आपण एक अक्षरही बोलायचं नाही. कपच बोलेल.

दारातच त्यांना मेट्रनबाईंचा आवाज ऐकू आला. "आमच्या जुन्या कपांत औषधांचे वास मुरलेत हो. कितीही घासा, चिरांतून जात नाहीत. एका आजोबांनी तर पाणी प्यायचंच सोडलं. म्हणतात, कप कुजलाय. म्हणून म्हटलं, एकदा चांगला माल घ्यावा."

वहिनी उंबऱ्यावर थबकल्या. या बाईंपुढे फाटका कप ठेवायचा? मग ट्रे घेऊन आत गेल्या आणि टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी तो अर्धा फिरवला. उजवा कोपरा वन्संपुढे आला.

वन्संनी दोन घोट घेतले, आत पाहिलं आणि कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. त्यांचा चेहरा उतरला. वहिनींनी याच क्षणाची अकरा दिवस वाट पाहिली होती. आता त्या कप बशीखाली लपवतील, विषय बदलतील. वन्सं उठल्या, चहा मोरीत ओतला आणि रिकामा कप मेट्रनबाईंच्या हातात दिला.

"हे बघा, बाई. हाच माल आहे. चार महिन्यांच्या आत फाटलाय. गुरुवारी मी तुम्हाला खोकी देऊ शकत नाही."

"चिमणे!" नवरा ओरडला.

मेट्रनबाईंनी नखाने रेष चाचपली. "लपवला असता तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "दोन महिने देते. त्यापुढे नाही."

वहिनींना आतून आणखीच जळजळलं. ही बाई हरते तीसुद्धा अशी, की समोरचा मान डोलावून जातो!

मेट्रनबाई गेल्यावर वन्संनी विचारलं, "वहिनी, ही जाळी कधीपासून आहे? बाकीचे पाच धड आहेत. एकाच भट्टीतले. यालाच काय झालं?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. वहिनी खोलीत गेल्या आणि डायरी घेऊन आल्या.

"नऊ तारखेला दिसली," त्या म्हणाल्या.

"आज वीस आहे," नवरा म्हणाला.

"मला मोजता येतं."

वन्संनी हात पुढे केला. वहिनींनी डायरी दिली नाही, स्वतःच वाचायला घेतली. "दोन डिसेंबर. वन्संनी कप धुतला नाही, पाणी घालून ठेवला. तीन डिसेंबर. पुन्हा तेच. चार डिसेंबर. मोलकरीण समजतात की काय? पाच डिसेंबर. कप तसाच, खालच्या ताटलीतही रोज पाणी. सहा..." त्यांचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. "चौदा जानेवारी. राणीसाहेबांचा कप भिजतोय..."

नवऱ्याला हसू आवरेना. वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल काढली होती. "एकही दिवस गाळला नाही?"

"तुम्ही गाळलात का?"

"म्हणजे सत्त्याण्णव दिवस पाण्यात! आणि बाकीचे पुसून फडताळात." वन्संनी कप उलटा केला आणि बुडाच्या कडेवर बोट फिरवलं. "इथे ग्लेझ नसतं. उघडी माती पाणी पीत गेली, फुगली. वरचा झगा तेवढाच. मग उसवणारच. मी गरम-गार करत बसले तीन वर्षं, भिजवून पाहिलंच नाही." त्या खुर्चीत कोसळल्यासारख्या बसल्या. "पण आता मातीत गारगोटी वाढवून नवे नमुने केले, तरी ते टिकतात का हे कळायला पुन्हा सत्त्याण्णव दिवस. बाईंनी दिलेत साठ."

वहिनी डायरी मिटत म्हणाल्या, "जुने वाटाणे रात्रभर भिजत घातले तरी टणक राहतात. कुकरमध्ये वीस मिनिटांत आतपर्यंत पाणी जातं."

भावाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने भावाकडे पाहिलं. पुढच्याच मिनिटाला कुकर वन्संच्या काखेत होता आणि दोघं अंगण ओलांडून पळत होते. वहिनी दारात उभ्या राहिल्या. बोलावलं कोणाला, तर कुकरला!

अर्ध्या तासाने वन्सं परत आल्या, घामाघूम. "वहिनी, शिट्टीच होत नाही हो. नुसती वाफ जाते."

"रिंग उलटी बसवली असेल. ती एका बाजूने झिजलीय."

"मग चला ना."

वहिनींनी चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला. जाताना मनगटावर घड्याळ बांधलं आणि डायरी बरोबर घेतली.

शेडमध्ये त्या क्वचितच गेल्या होत्या. फळ्यांवर नंबर घातलेले शेकडो तुकडे, पांढऱ्या पुडीचे डबे, भट्टीची ऊब. त्यांनी रिंग सरळ बसवली. आत दोनशे तेराचे सहा तुकडे जाळीवर ठेवले होते, घरचे न भिजलेले पाच कप तुलनेसाठी बाजूला. पहिली शिट्टी चार वाजून दहा मिनिटांनी झाली. तीन तास मंद आच. वहिनी स्टुलावर बसून मिनिटं लिहीत होत्या, पाणी संपत आलं की थांबवून भर घालत होत्या. झाकण काढल्यावर वन्संनी शाई चोळली. सहापैकी चार तुकड्यांवर जाळी उमटली.

"अगदी तशीच," वन्सं म्हणाल्या. "तीन महिन्यांचं काम तीन तासांत."

नवऱ्याने तुकडा उजेडात धरला. आधी बहिणीला दाखवला, मग वहिनींना. हा क्रम वहिनींच्या नजरेतून सुटला नाही.

"उद्या नवी माती मळते," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, उद्या दहाला याल ना? आणि ती डायरीही आणा. राणीसाहेबांची सगळी पानं मला उतरवून घ्यायचीत."

"डायरी मिळणार नाही," वहिनी म्हणाल्या. "मी वाचेन, तुम्ही लिहा. आणि आधी कप धुवा."

मंगळवार, २० मार्च. वन्संनी संध्याकाळी चार कप धुतले, एक नीट नाही. कुकर शेडमध्येच राहिला. बटाटे पातेल्यात उकडले. चाळीस मिनिटं लागली.